आधीचा काही आजार?

कोविड वॉर्डाच्या दाराशी एक लोखंडी टेबल. त्यावर केसपेपरांचा गठ्ठा, दोरीनं बांधलेलं पेन, अर्धी रिकामी सॅनिटायझरची बाटली. एप्रिल २०२१ मधली दुपार, आणि पीपीई किटच्या आत घामानं निथळणारी एक निवासी डॉक्टर. समोर व्हीलचेअरवर साठी ओलांडलेल्या एक बाई, बोटाला ऑक्सिमीटर, आकडा ८६. मागे मुलगा उभा, एका हातात एक्स-रेचं पाकीट, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. नाव, वय, पत्ता, तापाचा कितवा दिवस हे लिहून झाल्यावर डॉक्टर पुढच्या रकान्याशी येते. "आईंना आधीचा काही आजार?" मुलगा क्षणभरही न थांबता सांगतो, "नाही मॅडम, काही नाही. एकदम ठणठणीत आहे ती. दवाखान्याची पायरी कधी चढली नाही." डॉक्टर रकान्यात आडवी रेघ मारते. तेवढ्यात आई मास्कच्या आतून काहीतरी पुटपुटतात. मुलगा वाकून ऐकतो आणि म्हणतो, "हां, बीपीची एक गोळी आहे सकाळची. आणि शुगरची एक. पण ती रोज नाही, वाढल्यासारखी वाटली की घेते."

त्या दिवसांत अशा टेबलांपाशी हा संवाद थोड्याफार फरकानं रोज व्हायचा. तरी ती आडवी रेघ मनातून जात नाही. मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी आई खरंच ठणठणीत होती. पहाटे उठायची, पाणी भरायची, दहा माणसांचा स्वयंपाक करायची. आपल्याकडे आजार म्हणजे अंथरूण धरायला लावतो तो. जो माणसाला हिंडूफिरू देतो, त्याला आपण आजार म्हणत नाही. ‘बीपी आहे’ हे आपण ‘चष्मा आहे’ या चालीवर सांगतो. शुगर आपल्याकडे ‘निघते’, जणू घराच्या पायात पुरलेली होती आणि खणताना हाताला लागली. मग गोळी ‘लागते’. एकदा लागली की जन्माची, म्हणून ती जितकी उशिरा लागेल तितकं बरं असं मानून माणसं वर्षानुवर्षं ‘बॉर्डरवर’ राहतात. हृदयात स्प्रिंग टाकलेला माणूस सांगतो, "टाकलीय, पण आता काही नाही." मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन ‘थोडंसंच’ जास्त असतं. दमा ‘लहानपणी होता’. आणि लठ्ठपणा तर कुणीच आजारात धरत नाही, तो माणूस खात्यापित्या घरचा असतो.

बोलण्याच्या याच सवयीची दुसरी बाजू त्याच काळात रोज संध्याकाळी ऐकू यायची.

२०२० च्या उन्हाळ्यात राज्याच्या आरोग्य विभागाचं रोजचं पत्रक येई. आज इतके मृत्यू, त्यांपैकी इतक्या जणांना मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयरोग असे अतिजोखमीचे आजार होते. ती माहिती द्यायलाच हवी होती. पण घराघरांत ती वेगळ्या कामाला लागली. कुणी गेल्याचा फोन यायचा. वय किती, अठ्ठावन्न. आणि लगेच पुढचा प्रश्न, "शुगर होती का?" पलीकडून "होती म्हणे" असं आलं की ऐकणाऱ्याचा श्वास किंचित मोकळा व्हायचा. त्यांना होती, आपल्याला नाही. जो आजार माणूस जिवंत असताना कुणी मोजत नव्हतं, तो त्याच्या जाण्याचं पुरेसं कारण होऊन बसायचा. विचारणाऱ्याला दोष देता येत नाही, त्या महिन्यांत प्रत्येकजण स्वतःला धीर देण्यासाठी काहीतरी शोधत होता. पण ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला तो प्रश्न कसा लागला असेल याचा विचार केला की अजून घशाशी येतं. ‘होती म्हणे’ या दोन शब्दांत चूक गेलेल्याच्या पदरात पडलेली असायची.

आकडे पाहिले तर त्यांत दोन्ही गोष्टी दिसतात, धोका खरा असल्याचंही आणि तो नुसत्या नावात नसल्याचंही. चीनमधून फेब्रुवारी २०२० मध्ये ४४,६७२ रुग्णांचा पहिला मोठा हिशेब आला. ज्यांना आधीचा कोणताही आजार नोंदलेला नव्हता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ०.९ टक्के, उच्च रक्तदाब असलेल्यांत ६, मधुमेह असलेल्यांत ७.३ आणि हृदयविकार असलेल्यांत १०.५ टक्के. दोन महिन्यांनी न्यूयॉर्क परिसरातल्या, दाखल झालेल्या ५,७०० रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ५६.६ टक्क्यांना रक्तदाब होता, ४१.७ टक्के लठ्ठ होते, ३३.८ टक्क्यांना मधुमेह होता. हे वाचून रक्तदाब हाच मोठा गुन्हेगार असं वाटतं. पण त्या रुग्णांचं मधलं वय ६३ होतं, आणि त्या वयाच्या अमेरिकी माणसांत निम्म्याहून जास्त लोकांना एरवीही रक्तदाब असतो. म्हणजे वॉर्डात दिसणाऱ्या रक्तदाबातला मोठा भाग वयाबरोबर आलेला. दाखल झालेल्यांत एखादा आजार किती आहे एवढ्यानं काही ठरत नाही. बाहेर, त्याच वयाच्या लोकांत तो किती आहे हे शेजारी मांडावं लागतं. वय हा सगळ्यांत मोठा धोका होता आणि बाकी सगळं त्याच्या सावलीत उभं होतं.

इंग्लंडमध्ये १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा आणखी कामाची गोष्ट कळली. वय वगैरे सगळं जमेस धरल्यावर, ज्यांचा मधुमेह ताब्यात होता त्यांचा धोका मधुमेह नसलेल्यांपेक्षा साधारण तीस टक्क्यांनी जास्त होता. ज्यांची रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, चढलेली होती त्यांचा जवळजवळ दुप्पट. ‘शुगर होती का?’ या प्रश्नाचं उत्तर होय किंवा नाही असं देऊन भागत नाही ते यामुळे. किती होती, कधीपासून होती, शेवटची कधी तपासली होती? टेबलापाशी मुलाला पुढे हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लॉकडाउनच्या आधी." म्हणजे वर्ष उलटून गेलं होतं. त्या वर्षात नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना कधी बंद होता, सरकारी रुग्णालयाची ओपीडी कोविडला दिलेली होती, एसटी नव्हती, आणि रुग्णालयात गेलं तर तिथूनच आजार घेऊन यायचो ही भीती होती. गोळी संपली तेव्हा औषधाच्या दुकानातून तीच आणली. पुढे दोन दिवसांआड झाली. मग ‘वाढल्यासारखी वाटली की’ झाली. वाढलेली साखर वाटत नाही, हीच तर त्या आजाराची खोड. दोनशे-अडीचशेवर माणूस महिनोन्महिने दहा जणांचा स्वयंपाक करू शकतो.

आणि काहींची शुगर तर दाखल झाल्यावरच पहिल्यांदा निघाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीनं देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि १३ कोटींहून जास्त उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज मांडला. त्यांतल्या कितीतरी जणांना आपण त्या आकड्यात आहोत हे ठाऊकच नसतं. वॉर्डात साखर ३१२ आली तर ती तापाच्या ताणामुळे चढली, स्टेरॉइडमुळे चढली, की पाच वर्षं आत होतीच? हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे पहिल्याच दिवशी, स्टेरॉइडचा परिणाम साचण्याआधी, एचबीएवनसीला रक्त पाठवायचं. ते ६.५ किंवा त्याहून वर आलं तर आजार जुना. तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण आपल्या बायकांमध्ये पंडुरोग इतका, की लोह कमी असल्यामुळे हा आकडा असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो.

स्टेरॉइडबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण जुन्या आजाराची गाठ नव्या आजाराशी तिथेच सगळ्यांत घट्ट बसली. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषधचाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. डेक्सामेथासोन, जुनं, स्वस्त, कुठल्याही तालुक्याला मिळणारं औषध. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू त्यानं सुमारे एक तृतीयांशानं कमी केले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमधले एक पंचमांशानं. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना फायदा नाहीच, उलट नुकसानीची शंका. इतक्या स्पष्ट तीन ओळी फार क्वचित मिळतात. त्यांतल्या पहिल्या दोन सगळ्यांनी ऐकल्या. तिसरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या औषधांच्या यादीत पोचली नाही. ताप आल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून, ऑक्सिजन ९७-९८ असताना, घरोघरी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. घरात ग्लुकोमीटर नाही, असला तर पट्ट्या संपलेल्या. सातव्या दिवशी माणूस धाप लागून यायचा तेव्हा साखर चारशेच्या पुढे असायची.

वॉर्डातलं काम त्यामुळे दुहेरी झालं. स्टेरॉइड जीव वाचवतं म्हणून द्यायचं, आणि त्यानं चढणारी साखर इन्सुलिननं खाली धरून ठेवायची, साधारण १४० ते १८० च्या दरम्यान. सकाळी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की साखर बहुतेकदा दुपारच्या जेवणानंतर चढायला लागते आणि संध्याकाळी टोक गाठते. म्हणून नुसती सकाळी उपाशीपोटी तपासून ‘१३०, छान’ म्हणणारा फसतो. नाश्त्याआधी, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना, अशी चार वेळा तपासावी लागते. एका परिचारिकेकडे तीस खाटा असतील तर दिवसाला एकशेवीस टोचण्या, दुहेरी हातमोज्यांतून, धुरकटलेल्या फेसशील्डमागून. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं तर थेंब पसरतो आणि आकडा चुकतो. बोटाला केळं किंवा बिस्किट लागलेलं असेल तर साखर खोटीच जास्त येते, हात धुऊन, कोरडे करून टोचलं की खरी. बोटं थंडगार पडलेल्या, रक्तदाब उतरलेल्या रुग्णात तो आकडा धरूच नये, शिरेतलं रक्त पाठवावं.

इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटचं वेगळं, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. गर्दीत १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं ओढलं तर अडीचपट डोस जातो. त्यात जेवण. नातेवाईक आत येऊ शकत नव्हते. तोंडाची चव गेलेली, मास्क काढला की धाप, त्यामुळे ताट तसंच परत जायचं. इन्सुलिन मात्र ठरल्याप्रमाणे रात्री आठ वाजता टोचलं गेलेलं असायचं. मग पहाटे तीनला दरदरून घाम, बडबड, साखर ४८. कोविडमुळे भ्रम झाला असं समजून वेळ गेला तर मेंदूवर बेतणारं. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर शिरेतून ग्लुकोज. ज्या वॉर्डांत ताट उचलणाऱ्या मावशींना ‘कुणी जेवलं नाही ते आधी सिस्टरांना सांगा’ एवढं सांगून ठेवलेलं होतं, तिथे अशी पहाट टळायची. बरं होऊन घरी जातानाही सापळा असायचाच. स्टेरॉइड थांबलं की काही दिवसांत इन्सुलिनची गरज घसरते. डिस्चार्ज कार्डावरचा डोस तसाच टोचत राहिलं तर घरी साखर कोसळते.

घरच्या गोळ्यांचा प्रश्न निराळा. दाखल झाल्यावर, ऑक्सिजन कमी असताना किंवा मूत्रपिंड दमलेलं असताना, मेटफॉर्मिन थांबवतात, रक्तात लॅक्टिक आम्ल साचू नये म्हणून. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्या तर ताप आणि उपासमार सुरू होताच बंद करायला हव्यात. त्यांच्यामुळे साखर लघवीवाटे जात राहते, म्हणून ग्लुकोमीटरवर आकडा फार वाईट दिसत नाही आणि आत चरबी जळून तयार होणारं किटोनचं आम्ल चढत असतं. रुग्ण खोल, भराभर श्वास घेऊ लागतो. कोविड वॉर्डात भराभर श्वास म्हटल्यावर सगळ्यांचं लक्ष फुप्फुसाकडेच जाणार. ऑक्सिजन ९७ आणि श्वास मिनिटाला ३२, हे गणित जमत नाही असं ज्याच्या लक्षात आलं, त्यानं किटोन तपासले. पण त्यासाठी रुग्ण ती गोळी घेतो हे कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं.

तो रकाना तिथे उपयोगाला येतो. त्यातल्या प्रत्येक शब्दानं एखादा डोस बदलतो. मूत्रपिंड अधू असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या एनॉक्सापॅरिनची मात्रा कमी करावी लागते, आणि ज्या रेमडेसिव्हिरसाठी लोक रात्रभर रांगा लावत होते ते त्या वेळच्या सूचनांप्रमाणे मूत्रपिंडाची गाळणक्षमता तीसच्या खाली असेल तर देऊ नये असं होतं. डायलिसिसवरच्या माणसाला तर घरात बसण्याची सोयच नव्हती. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास, भरल्या खोलीत यंत्राला जोडून घ्यायचं. टाळेबंदी असो की ताप, एक फेरी चुकली की अंगात पाणी आणि पोटॅशियम साचतं.

सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या रुग्णाला ऑक्सिजन ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. तो ९६-९८ पर्यंत चढवत नेला तर त्यातल्या काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, माणूस शांत झोपल्यासारखा दिसतो आणि ती झोप बरी नसते. आता हा आजार कुणाला असतो असं विचारलं तर आपण विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवतो. तीस वर्षं चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईकडे नाही. तिला ‘सकाळचा जरा खोकला असतो’. तिची फुप्फुसं कुणी कधी फुंकायला लावून मोजलेली नसतात. तिच्या केसपेपरवरही आडवी रेघच असायची.

रक्तदाबाच्या गोळ्यांवरून मात्र वेगळाच घोळ झाला. विषाणू पेशीत शिरताना एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरतो, आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी औषधं त्याच साखळीत काम करतात, एवढ्या अर्ध्या माहितीवर मार्च २०२० मध्ये कितीतरी लोकांनी सकाळची गोळी परस्पर बंद केली. हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटना तेव्हापासून सांगत होत्या, बंद करू नका. पुढे ब्राझीलमध्ये दाखल झालेल्या ६५९ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांच्या गोळ्या तीस दिवस थांबवल्या, निम्म्यांच्या चालू ठेवल्या. थांबवून काहीही फायदा दिसला नाही. अर्थात हे रक्तदाब बरा असलेल्या माणसासाठी. तापानं, जुलाबानं सुकून गेलेला, वरचा रक्तदाब ९० वर आलेला रुग्ण वॉर्डात असेल तर त्या दिवशीची गोळी थांबवावीच लागते.

आणि खात्यापित्या घरचा तो? त्याच्या पोटाचा भार झोपल्यावर छाती आणि पोटामधल्या पडद्याला वर ढकलतो, फुप्फुसाच्या खालच्या भागात हवा पोचत नाही. पालथं झोपवलं की ऑक्सिजन सुधारतो हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं, पण १०५ किलोच्या माणसाला नळ्यांसकट पालथं करायला पाच-सहा माणसं लागतात, छातीखाली आणि कमरेखाली उशा अशा ठेवाव्या लागतात की पोट मोकळं लोंबेल. रात्रीच्या पाळीला पाच-सहा माणसं कुठून आणायची?

मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं या सगळ्याची वसुली केली. म्युकर नावाच्या या बुरशीची बीजं हवेत, मातीत, कुजक्या पाल्यात नेहमीच असतात. धडधाकट माणसाला ती काही करत नाहीत. साखर चढलेली, रक्त आम्लाकडे झुकलेलं, त्यामुळे लोह मोकळं झालेलं आणि स्टेरॉइडनं पांढऱ्या पेशी सुस्तावलेल्या, एवढं एकत्र आलं की ती नाकाच्या मागच्या पोकळ्यांत रुजते आणि रक्तवाहिन्यांतून वाट काढते. एका बाजूचा गाल दुखणं, बधिर होणं, नाकातून काळपट खपली, दात हलू लागणं, पापणी सुजून खाली येणं, एकाचे दोन दिसणं. सुरुवातीला ‘दाढ दुखतेय’ म्हणून अंगावर काढलेल्या त्या चार दिवसांत डोळा हातचा जायचा. केंद्रानं तो आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितला तोवर वॉर्ड भरले होते. औषध लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन, रोज वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या रोज, कित्येक आठवडे. आणि सडलेला भाग शस्त्रक्रियेनं खरवडून काढल्याखेरीज नुसत्या औषधानं भागत नाही. कोविडमधून वाचलेल्या माणसाचा वरचा जबडा काढावा लागला, असं घडत होतं. त्यांच्यातल्या बहुतेकांना मधुमेह होता, आणि त्यांतल्या कित्येकांची घरची ओळख ‘काही नाही, थोडी शुगर’ एवढीच.

मग तोच रकाना मृत्यूच्या दाखल्यावर येतो. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात पहिल्या भागात मृत्यूकडे नेणारी साखळी लिहायची असते, वरपासून खाली: श्वसन निकामी, त्याचं कारण न्यूमोनिया, त्याचं मूळ कारण कोविड. मधुमेह, रक्तदाब दुसऱ्या भागात, हातभार लावणारे म्हणून. एप्रिल २०२० मध्येच देशपातळीवर हे लिखित सांगितलेलं होतं. तरी घाईत, गोंधळात ओळी वरखाली झाल्या. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्रानं आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी कोविडच्या यादीत घातले, त्यांतले ८६२ एकट्या मुंबईतले. पुढच्या वर्षी, ३० जूनला, सर्वोच्च न्यायालयानं कुटुंबांना मदत देण्याचा आदेश दिला, ५०,००० रुपये ठरले, चाचणीपासून ३० दिवसांत झालेला मृत्यू कोविडचा धरायचा असंही ठरलं. तेव्हा घराघरांतून ते दाखले बाहेर निघाले. कागदावर ‘हृदयक्रिया बंद’ एवढंच, किंवा मधुमेह पहिल्या ओळीत. साखर पंधरा वर्षं होती, पण माणूस साखरेनं त्या मंगळवारी जाणार नव्हता. हे एका विधवेला सरकारी खिडकीसमोर उभं राहून सिद्ध करावं लागावं, याचा राग अजून शमत नाही.

लसीच्या वेळी उलटं झालं होतं. १ मार्च २०२१ पासून साठीच्या वरच्यांना आणि ४५ ते ५९ मधल्या, ठरावीक वीस आजारांपैकी एखादा असलेल्यांना लस सुरू झाली, नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला जोडून. नुसता रक्तदाब त्या यादीत पुरेसा नव्हता. मधुमेह दहा वर्षांहून जुना किंवा गुंतागुंतीचा, आणि जोडीला उपचार चालू असलेला रक्तदाब, असं ते कलम होतं. आयुष्यभर ‘काही नाही’ म्हणणारी माणसं जुने कागद शोधत फिरली. ज्यांचा आजार औषधाच्या दुकानातल्या काउंटरपलीकडे कधी गेलाच नव्हता, त्यांच्याकडे दाखवायला कागद नव्हता. महिन्याभरात ४५ च्या वरच्या सगळ्यांना लस खुली झाली. तोवर दुसरी लाट दारात उभी होती.

एक मात्र नोंदवायला हवं. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई घरोघर गेल्या, ताप आणि ऑक्सिजन तपासत. दारात उभं राहून "कुणाला बीपी-शुगर?" विचारलं की आतून "नाही" यायचंच. पण ज्या आशाताईला गाव माहीत असतं ती तसं विचारत नाही. ती म्हणते, "काकू, सकाळी चहाबरोबर कुठली गोळी घेता? दाखवा बरं." मग काकू उठतात, फडताळातला डबा काढतात, आणि डब्यातून सगळा इतिहास बाहेर येतो.

टेबलापाशी उभ्या त्या मुलाच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवीही शेवटी डॉक्टरनं मागून घेतली. आत दोन केळी, मोबाइलचा चार्जर, आणि रबर लावलेल्या गोळ्यांच्या पट्ट्यांचे तुकडे. दुकानदारानं पाच-पाच गोळ्या कापून दिलेल्या, त्यामुळे नाव कुठल्याच तुकड्यावर पुरतं नाही. एकावर ‘मिसार्टन ४०’ एवढं उरलेलं. दुसऱ्यावर ‘मेट’ आणि पुढे कात्रीची कड. तिसऱ्यावर नुसती मुदत संपल्याची तारीख. डॉक्टरनं हातमोज्यातल्या बोटांनी ते तुकडे टेबलावर एकापुढे एक लावले, उजेडाकडे धरून उलटेसुलटे केले, तिसरा तुकडा आईंच्या डोळ्यांसमोर नेला.

"मावशी, ही कशाची?"

आईंनी मास्क जरा खाली ओढला. "ती पायाच्या मुंग्यांची," त्या म्हणाल्या. "आणि ती पांढरी मोठी शुगरची. आठ दिवस नाही घेतली. जेवणच जात नव्हतं तर म्हटलं कशाला."

डॉक्टरनं आडव्या रेघेवर काट मारली. रकाना अर्धा इंचाचा होता, म्हणून ती समासात लिहू लागली.